ओगेम परीक्षण: वीज, ड्युटेरियम, क्रिस्टल आणि भरलेलं गोदाम

ओगेम हा ब्राउझरमध्ये खेळायचा अंतराळातला डावपेचाचा खेळ. 2002 साली जर्मनीत सुरू झाला, गेमफोर्ज कंपनी तो चालवते आणि आजही त्यात नवी 'विश्वं', म्हणजे नवे सर्व्हर, अधूनमधून उघडत असतात. काही डाउनलोड करावं लागत नाही, खेळायला पैसे पडत नाहीत. पडद्यावर चित्रं थोडी आणि आकडे फार. लढाई डोळ्यांसमोर होत नाही. ताफा निघतो, टायमर उलटा मोजत राहतो आणि शेवटी एक अहवाल येतो. ज्यांना स्फोट आणि लेझर बघायचे आहेत त्यांचा इथे विरस होईल. ज्यांना हिशोबात रस आहे त्यांच्यासाठी मात्र हा खेळ अजूनही पहिल्या रांगेतला आहे. कारण सरळ आहे: खाणीचं उत्पादन, इमारतीची किंमत, बांधकामाचा वेळ, सगळं ठरलेल्या सूत्रांनी निघतं आणि ती सूत्रं खेळाडूंना माहीत आहेत. वहीत मांडलेला हिशोब पडद्यावर तसाच उतरतो.

त्रुटी सुरुवातीलाच जाणवते. खेळातली मार्गदर्शक कामं 'हे बांधा, ते बांधा' असं सांगत पुढे नेतात, पण कुठे थांबायचं आणि काय मागे ठेवायचं याचा उलगडा करत नाहीत. त्यामुळे बरेच नवे खेळाडू पहिल्या आठवड्यात सगळंच थोडंथोडं वाढवत बसतात आणि मग कंटाळून निघून जातात. मेटल, क्रिस्टल आणि ड्युटेरियम ही खेळातली तीन संसाधनं, इमारती आणि जहाजं त्यांतूनच बांधायची. खरं तर ओगेमच्या अर्थव्यवस्थेत एका वेळी एकच गोष्ट अडलेली असते. आधी वीज अडते, मग ड्युटेरियम, मग गोदाम, मग क्रिस्टल. आत्ता नेमकं काय अडलंय हे ओळखता आलं की पहिले दोन आठवडे सोपे जातात.

प्रत्येक विश्वाचा वेग ठरलेला असतो, पुढचे आकडे 1 वेगाच्या विश्वाचे आहेत. 5 वेगाच्या विश्वात खाणीचं उत्पादन पाचपट धरा आणि बांधकामाचा वेळ पाचने भागा. विजेला हा गुणाकार लागू नाही, गोदामाच्या क्षमतेलाही नाही. हे दोन अपवाद लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

आधी वीज

प्रत्येक इमारत एकेक पायरीने वाढवायची असते. मेटल खाणीचं ताशी उत्पादन 30 × पायरी × 1.1 चा पायरीइतका घात. क्रिस्टल खाणीला 30 च्या जागी 20. म्हणजे मेटल खाण पहिल्या पायरीला ताशी 33 देते, पाचव्याला 241, दहाव्याला 778, पंधराव्याला 1,879. याशिवाय काहीही न बांधता ताशी 30 मेटल आणि 15 क्रिस्टल मिळत राहतं.

विजेचं सूत्रही याच साच्याचं आहे. मेटल आणि क्रिस्टल खाण दोन्ही 10 × पायरी × 1.1 चा घात इतकी वीज खातात, ड्युटेरियम बनवणारा सिंथेसायझर त्याच्या दुप्पट, आणि सोलर प्लांट 20 × पायरी × 1.1 चा घात इतकी वीज देतो. जरा जुळवून पाहिलं तर दिसेल की एका पायरीचा सोलर प्लांट त्याच पायरीची मेटल खाण आणि त्याच पायरीची क्रिस्टल खाण चालवू शकतो, आणि ड्युटेरियमसाठी काहीच उरत नाही. तेही कागदावर. प्रत्यक्षात पूर्णांक करताना एखाददुसरं युनिट कमी पडतं: पाचव्या पायरीचा प्लांट 161 देतो आणि पाचव्या पायरीच्या दोन खाणी मिळून 162 मागतात. म्हणून पहिल्या चार-पाच पायऱ्यांनंतर सोलर प्लांट मेटल खाणीच्या एक पायरी पुढे ठेवावा, सिंथेसायझर वाढवायला घेतला की दोन पायऱ्या पुढे.

वीज कमी पडली की एखादी खाण बंद पडते असं होत नाही. तयार वीज भागिले लागणारी वीज, हा जो अपूर्णांक येतो त्याच प्रमाणात सगळ्या खाणी एकदम मंदावतात. 200 लागते आणि 160 आहे, तर तिन्ही खाणी 80 टक्क्यांवर. नवा खेळाडू मेटल खाणीची पुढची पायरी बांधतो, विजेचा आकडा लाल होतो, आणि वाढलेल्या मेटलच्या बदल्यात क्रिस्टल आणि ड्युटेरियम दोन्ही घटतं. तात्पुरता उपाय संसाधनांच्या सेटिंगमध्ये आहे: प्रत्येक खाणीची टक्केवारी दहादहाने कमी करता येते. तूट असेल तेव्हा त्या तासांत ज्याची गरज नाही ती खाण खाली आणावी, बाकीच्या पूर्ण चालू द्याव्यात.

विजेचा दुसरा मार्ग म्हणून फ्यूजन रिॲक्टर दिसतो आणि नाव ऐकून मोह होतो. नव्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. पाचव्या पायरीचा रिॲक्टर, एनर्जी टेक्नॉलॉजी (लॅबमध्ये शोधायचं तंत्रज्ञान) 3 असताना, साधारण 220 वीज देतो आणि ताशी 80 ड्युटेरियम जाळतो. पाचव्या पायरीच्या सिंथेसायझरचं बहुतेक उत्पादन त्यात जातं. सोलर सॅटेलाइटचं गणित वेगळं आहे. एकाची किंमत 2,000 क्रिस्टल आणि 500 ड्युटेरियम, आणि वीज ग्रहाच्या तापमानावर ठरते. साधारण 30 वीज देणाऱ्या ग्रहावर सोलर प्लांट 14 वरून 15 ला नेण्याइतकी वीज सात सॅटेलाइटमधून मिळते. तोपर्यंत दोन्ही मार्गांचा खर्च जवळजवळ सारखा झालेला असतो, आणि तिथून पुढे सॅटेलाइट स्वस्त पडत जातात. पण खेळ त्यांना जहाजं मानतो. हल्ल्यात ती फुटतात आणि त्यांच्या क्रिस्टलचा 30 टक्के भाग अवशेष म्हणून कक्षेत तरंगतो. बचाव नसलेल्या ग्रहावर शंभर सॅटेलाइट म्हणजे 60,000 क्रिस्टलचं आमंत्रण.

पहिले 500 मेटल

सुरुवातीला हातात 500 मेटल आणि 500 क्रिस्टल असतं. मेटल आधी संपतं, म्हणून पहिला क्रम मेटलभोवती फिरतो. सोलर प्लांट 1 (75 मेटल, 30 क्रिस्टल), मेटल खाण 1 (60, 15), मेटल खाण 2 (90, 22), सोलर प्लांट 2 (112, 45), मेटल खाण 3 (135, 33). एकूण 472 मेटल आणि 145 क्रिस्टल. हातात 28 मेटल उरतं, पण मूळ उत्पन्न धरून ताशी दीडशेच्या आसपास मेटल सुरू झालेलं असतं. यानंतर सोलर 3, मेटल 4, क्रिस्टल 1, सोलर 4, क्रिस्टल 2, क्रिस्टल 3. इथे येईपर्यंत सुरुवातीचं क्रिस्टल संपत आलेलं असतं, पण तोवर क्रिस्टल खाण चालू झालेली असते. मग सोलर 5 आणि सिंथेसायझर 1.

या टप्प्यावर दोन चुका फार दिसतात. एक, क्रिस्टल भरपूर पडलंय म्हणून क्रिस्टल खाणीपासून सुरुवात करणं. त्या 500 मधलं क्रिस्टल पहिल्या काही तासांना पुरतं, ते आणखी मिळवायची घाई नसते. दुसरी चूक, रिसर्च लॅब किंवा शिपयार्ड लवकर बांधणं. दोन्हींना ड्युटेरियम लागतं आणि ते अजून नाही. असतं तरी लॅबचे 400 क्रिस्टल पहिल्या दिवशी खाणींत जास्त कामाला येतात.

मग ड्युटेरियम

पहिलं मालवाहू जहाज, स्मॉल कार्गो, हा या खेळातला पहिला खरा टप्पा. त्यासाठी शिपयार्ड (जहाजं बांधायची जागा) 2 आणि कंबश्चन ड्राइव्ह (इंजिनाचं तंत्रज्ञान) 2 लागतं. त्यांच्यामागची साखळी अशी: शिपयार्डला आधी रोबोटिक्स फॅक्टरी 2, ड्राइव्हला एनर्जी टेक्नॉलॉजी 1, आणि तिला रिसर्च लॅब 1. हे सगळं मिळून 3,800 मेटल, 2,160 क्रिस्टल आणि 3,300 ड्युटेरियम. सगळं आटोपल्यावर जहाजाचे 2,000 मेटल आणि 2,000 क्रिस्टल वेगळे.

तिसरा आकडा पाहा. तोवरच्या कुठल्याही खाणीला ड्युटेरियम लागलेलं नसतं, म्हणून नवा खेळाडू सिंथेसायझर पहिल्या-दुसऱ्या पायरीवर सोडून देतो आणि मग 3,300 जमवायला आठवडा घालवतो. सिंथेसायझर 5 पर्यंत न्यावा. साधारण हवामानाच्या मूळ ग्रहावर त्यातून ताशी शंभराच्या आसपास मिळतं, म्हणजे साखळीचं ड्युटेरियम दीड दिवसात जमतं. पाचवी पायरी 1,139 मेटल आणि 379 क्रिस्टलला पडते आणि वीज 162 खाते. ही वीज आधी तयार नसेल तर मागच्या भागात सांगितलेली घसरण लगेच दिसेल.

ड्युटेरियम जमतं तसा खर्चाचा क्रमही महत्त्वाचा आहे. रोबोटिक्स फॅक्टरी सगळ्यांत आधी. बांधकामाचा वेळ (तासांत) म्हणजे मेटल अधिक क्रिस्टल, भागिले 2,500 × (1 + रोबोटिक्सची पायरी). रोबोटिक्स 1 म्हणजे निम्मा वेळ, 2 म्हणजे एक तृतीयांश. दहाव्या पायरीची मेटल खाण या सूत्राने रोबोटिक्सशिवाय एक तास नऊ मिनिटं घेते, रोबोटिक्स 2 असताना 23 मिनिटं. (अगदी खालच्या पायऱ्यांना हल्ली खेळ आणखी वेळ कमी करून देतो.) प्रत्येक पायरीला किंमत दुप्पट होते आणि फायदा मात्र आटत जातो: 1 ते 2 ला वेळ तिसऱ्या हिश्शाने कमी होतो, 9 ते 10 ला अवघा 9 टक्के. म्हणून सुरुवातीला 2 वर थांबावं, खाणी बाराव्या पायरीच्या आसपास आल्या की 4-5 करावं. रोबोटिक्स 10 चं कारण वेगळं: बांधकामाचा वेळ आणखी घटवणाऱ्या नॅनाइट फॅक्टरीसाठी ते आणि कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी 10 लागतं. पहिल्या महिन्यात त्याचा विचारही करू नये, एकट्या नॅनाइटच्या पहिल्या पायरीला 10 लाख मेटल आणि 5 लाख क्रिस्टल पडतं.

खाणीची पुढची पायरी कधी परवडते

ओगेमचा गाभा इथे आहे आणि तो ज्यांनी रचला त्यांचं कौतुक करायला हवं. मेटल खाणीची किंमत दर पायरीला 1.5 पट होते, क्रिस्टल खाणीची 1.6 पट. उत्पादन मात्र त्याहून बरंच हळू वाढतं. क्रिस्टलची किंमत मेटलच्या दीडपट धरून मेटल खाणीचा हिशोब केला तर पायरी 5 वरून 6 ला नेण्याचा खर्च आठ तासांत वसूल होतो. 10 वरून 11 ला 29 तास. 15 वरून 16 ला साडेचार दिवस. 20 वरून 21 ला अठरा दिवस. यात विजेचा खर्च धरलेला नाही. तो धरला की हे आकडे आणखी लांबतात.

या चार आकड्यांतून बरंच काही कळतं. दहाव्या पायरीपर्यंत खाणीसारखी दुसरी गुंतवणूक नाही, तिथपर्यंत डोळे मिटून वाढवा. दहा ते पंधरामध्ये स्पर्धक येतात: निष्क्रिय खेळाडूंवर छापे, पहिली वसाहत. पंधराच्या पुढे दुसऱ्या ग्रहावर शून्यापासून सुरू केलेली खाण मूळ ग्रहावरच्या सोळाव्या पायरीपेक्षा कितीतरी लवकर पैसे फेडते. म्हणजे एकच ग्रह घेऊन त्यावर खाणी चढवत बसणं हा या खेळात हळूहळू मागे पडण्याचा मार्ग आहे. तिन्ही खाणींचं साधारण प्रमाण मेटल, क्रिस्टलपेक्षा दोन पायऱ्या पुढे, आणि क्रिस्टल, ड्युटेरियमपेक्षा दोन-तीन पायऱ्या पुढे, असं ठेवलं तर नव्या खेळाडूचं फार बिघडत नाही.

गोदाम

गोदाम न बांधता प्रत्येक संसाधन 10,000 पर्यंत साठतं. भरलं की खाण थांबते आणि खेळ फारशी ओरड करत नाही, आकडा फक्त लाल होतो. मेटल खाण 10 आणि मूळ उत्पन्न मिळून ताशी 808. रिकामं गोदाम साडेबारा तासांत भरतं. रात्रीची झोप आणि सकाळचं कॉलेज किंवा ऑफिस एवढ्यात ते सहज भरतं. 5 वेगाच्या विश्वात तेच गोदाम अडीच तासांत भरेल, कारण उत्पादन पाचपट झालं, गोदाम नाही. वेगवान विश्व निवडणाऱ्यांना हा फटका पहिल्याच रात्री बसतो.

पहिली पायरी 20,000, दुसरी 40,000, तिसरी 75,000, चौथी 140,000. मेटलच्या गोदामाची पहिली पायरी फक्त 1,000 मेटलला, पुढे ही किंमत दर पायरीला दुप्पट. मेटलचं गोदाम आधी भरतं, म्हणून तेच आधी. क्रिस्टलचं एक-दोन दिवसांनी. ड्युटेरियमची टाकी वसाहतीची तयारी सुरू झाली की. मात्र गोदाम भरपूर मोठं करून साठा पडू देणंही धोक्याचं. हल्ला करणारा ग्रहावरच्या साठ्यापैकी निम्मा नेऊ शकतो. गोदाम एका रात्रीच्या उत्पादनाला पुरावं, आठवड्याच्या नको.

निष्क्रिय ग्रहांवरचे छापे

सात दिवस न फिरकलेल्या खेळाडूच्या नावापुढे गॅलक्सीच्या पानावर लहान 'आय' लागतो, 28 दिवसांनंतर मोठा. त्यांच्या खाणी चालूच असतात आणि नवख्यांना असलेलं संरक्षण त्यांना नसतं. नव्या खेळाडूचं दुसऱ्या आठवड्यातलं सर्वांत मोठं उत्पन्न इथून येतं, आणि हा भाग मार्गदर्शक कामांत पुरेसा ठळक यायला हवा होता.

पद्धत अशी. आधी हेर प्रोब: एक 1,000 क्रिस्टलला, लागतं शिपयार्ड 3, कंबश्चन ड्राइव्ह 3 आणि एस्पिओनाज टेक्नॉलॉजी 2. प्रोबच्या अहवालात साठा, ताफा आणि बचाव दिसतो. बचावाचा भागच अहवालात आला नसेल तर 'बचाव नाही' असं समजू नये. प्रोब कमी पडले, दोन-तीन जास्त पाठवावेत. बचाव आणि ताफा दोन्ही शून्य असतील तरच एकटे कार्गो पाठवायचे. स्मॉल कार्गोकडे लढायची ताकद नाममात्र आहे, दहा-बारा रॉकेट लाँचरही छोट्या टोळीचं नुकसान करतात.

जहाजं किती, तर साठ्याची बेरीज, निम्मी, भागिले 5,000, आणि वर एक. 20,000 मेटल, 12,000 क्रिस्टल, 4,000 ड्युटेरियम असेल तर लूट 18,000. चार कार्गोत मावते, पाच पाठवा, कारण ताफा पोचेपर्यंत खाणी आणखी भर घालतात. एक स्मॉल कार्गो 4,000 ला पडतो आणि एका भरलेल्या फेरीत 5,000 आणतो. शेजारच्या सौरमालेतल्या फेरीला इंधन थोडं लागतं. मेटल खाण 11 चा खर्च 29 तासांत निघतो हे वर पाहिलं; कार्गोचा एका फेरीत. म्हणून खाणी दहाव्या पायरीला आल्या की पाच ते दहा कार्गो हीच पुढची खरेदी असावी. लार्ज कार्गो 12,000 ला 25,000 वाहतो, म्हणजे क्षमतेच्या मानाने स्वस्त, पण त्याला शिपयार्ड 4 आणि कंबश्चन 6 लागतं, तो नंतर.

वसाहत, आणि क्रिस्टलची टंचाई

दुसऱ्या ग्रहासाठी ॲस्ट्रोफिजिक्स या तंत्रज्ञानाची पायरी 1 लागते. त्याच्या अटी: लॅब 3, एस्पिओनाज 4, इंपल्स ड्राइव्ह 3. या तिन्ही, ॲस्ट्रोफिजिक्स आणि एक कॉलनी शिप मिळून 32,400 मेटल, 73,800 क्रिस्टल आणि 22,600 ड्युटेरियम. शिपयार्ड 4 यात धरलेलं नाही.

क्रिस्टल मेटलच्या दुपटीहून जास्त. तोवर मेटलच्या मागे लागलेला खेळाडू इथे अडकतो: मेटलचं गोदाम ओसंडतंय आणि एस्पिओनाज 4 च्या 8,000 क्रिस्टलसाठी दोन दिवस थांबावं लागतंय. उपाय आधीपासून करायचा. मेटल खाण 12 झाली की तिथे थांबवून क्रिस्टल खाण 11-12 पर्यंत आणावी आणि छाप्यांत जास्त क्रिस्टल असलेले ग्रह आधी घ्यावेत. मर्चंटकडे, म्हणजे खेळातल्या व्यापाऱ्याकडे, मेटल देऊन क्रिस्टल घेता येतं, पण त्याला डार्क मॅटर हे खेळातलं खास चलन लागतं, आणि ते पुढे अधिक उपयोगी पडतं.

ॲस्ट्रोफिजिक्सच्या 1, 3, 5 अशा विषम पायऱ्यांवर एकेक ग्रह वाढतो. 2 वर थांबलं तर नवा ग्रह मिळत नाही, हे न वाचता बरेच जण तिथे थांबतात.

जागा कुठली? सौरमालेत 15 जागा, पहिली सर्वांत तापलेली, पंधरावी सर्वांत गार. गार ग्रहावर सिंथेसायझर जास्त देतो, तापलेल्यावर सॅटेलाइट जास्त वीज देतात. सध्याच्या नियमांत पहिल्या तीन जागांना क्रिस्टलचा आणि मधल्या जागांना मेटलचा वाढीव लाभ आहे. मेटलचा सर्वाधिक लाभ आठव्या जागेला. पहिल्या वसाहतीसाठी आठवी जागा उत्तम, कारण तिथे ग्रहही सहसा मोठे निघतात. ग्रह फार लहान निघाला तर तो सोडून पुन्हा वसवावा, त्यासाठी आणखी एक कॉलनी शिप गेलं तरी चालेल. बांधकामाला जागा अपुरी असलेला ग्रह कायम त्रास देतो, प्रत्येक इमारतीची प्रत्येक पायरी त्यातली एक जागा खाते.

कमावलेलं टिकवणं

खर्च केलेल्या प्रत्येक 1,000 संसाधनांमागे एक गुण मिळतो. गुण वाढत ठरावीक मर्यादा ओलांडली की नवख्यांचं संरक्षण संपतं आणि त्या दिवसापासून रात्री ग्रहावर काय ठेवलंय हा प्रश्न उभा राहतो. भारतातून खेळणाऱ्यांना इथे एक खास अडचण आहे. युरोपातल्या विश्वांत बहुतेक खेळाडू तिथल्या संध्याकाळी येतात. जर्मनीत सात वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. हल्ल्यांची गर्दी नेमकी आपण झोपल्यावर.

याला खेळाडूंचा जुना उपाय म्हणजे फ्लीटसेव्ह. झोपण्याआधी सगळी जहाजं, त्यांत मावेल तेवढा साठा भरून, दुसऱ्या ग्रहावर किंवा लांबच्या ठिकाणी धाडायची. वेग 10 टक्क्यांपर्यंत कमी करता येतो, म्हणजे ताफा आठ-नऊ तास वाटेतच असतो. हवेत असलेल्या ताफ्यावर हल्ला होत नाही. यासाठी कार्गोंची एकूण क्षमता एका रात्रीच्या साठ्याइतकी असायला हवी. 30,000 साठत असेल तर सहा स्मॉल कार्गो. इंधनासाठी ड्युटेरियम शिल्लक ठेवायला विसरलं तर ताफा हलत नाही, आणि हे नव्यांच्या हातून वारंवार होतं.

बचाव किती बांधावा यावर मतं आहेत. आमच्या मते सुरुवातीला फक्त इतका की हल्लेखोराला कार्गोंसोबत लढाऊ जहाजंही पाठवावी लागतील आणि फेरी तोट्यात जाईल. रॉकेट लाँचर 2,000 मेटलला, लाइट लेझर 1,500 मेटल आणि 500 क्रिस्टलला. दोन्ही मिळून वीस-तीस नग. मेटल जास्त झालंय अशा दिवसांत लाँचर बांधणं योग्य, कारण त्यांना क्रिस्टल लागत नाही. पडलेला बचाव 70 टक्के शक्यतेने पुन्हा उभा राहतो, जहाजं राहत नाहीत. म्हणून पहिल्या महिन्यात लढाऊ ताफा बांधू नये.

पैसे, वेळ आणि कुणी खेळावं

डार्क मॅटर विकत घेता येतं आणि त्यावर ऑफिसर, म्हणजे ठरावीक फायदा देणारे मदतनीस, ठेवता येतात. जिऑलॉजिस्ट खाणींना 10 टक्के वाढ देतो. पण खेळात निवडायच्या तीन वर्गांपैकी कलेक्टर हा वर्ग खाणींना 25 टक्के देतो. खाणींवर भर असलेल्या नव्या खेळाडूने कलेक्टर निवडावा आणि पहिल्या महिन्यात एक रुपयाही खर्च करू नये. पैसे भरणारे वरच्या क्रमांकांत पुढे राहतात हे खरं आहे, आणि क्रमवारीत पहिल्या शंभरात यायची इच्छा असेल तर हा खेळ फुकट नाही हे आधीच समजून घ्यावं. लाइफफॉर्म हा नंतर जोडलेला थर, त्यातलं अन्न आणि लोकसंख्या, सुरुवातीला गोंधळ वाढवतो. मूळ खाणी दहाव्या पायरीला येईपर्यंत तो बाजूला ठेवला तरी चालतं.

वेळेची मागणी हा या खेळाचा सर्वांत मोठा दोष आहे. पहिल्या दिवशी दर अर्ध्या तासाने काहीतरी बांधून होतं, दुसऱ्या आठवड्यात दिवसातून तीनदा बघितलं तरी पुरतं, आणि ताफा मोठा झाला की फ्लीटसेव्ह चुकवून चालत नाही. बारावीची परीक्षा असलेल्या मुलाने 5 किंवा त्याहून जास्त वेगाच्या विश्वात पाय ठेवू नये. नोकरी सांभाळून खेळणाऱ्याने 1 ते 3 वेगाचं, नुकतंच उघडलेलं विश्व घ्यावं. जुन्या विश्वात शेजारी वर्षानुवर्षं पुढे गेलेले असतात, मात्र तिथे निष्क्रिय ग्रह भरपूर सापडतात, म्हणून फक्त शिकायचं असेल तर तेही वाईट नाही. नोंदणी करताना अर्थव्यवस्थेचा वेग आणि ताफ्याचा वेग असे दोन वेगळे आकडे दिसतात. नव्याने पहिला मोठा आणि दुसरा लहान असलेलं विश्व निवडावं: खाणी लवकर वाढतात आणि हल्लेखोराला पोचायला वेळ लागतो.

गावी जायचं असेल किंवा परीक्षा आली तर सुट्टीची सोय, व्हेकेशन मोड, वापरावी. किमान 48 तासांसाठी लागते, त्या काळात हल्ला होत नाही आणि खाणीही बंद राहतात. ताफा हवेत असताना ती सुरू करता येत नाही, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री फ्लीटसेव्ह लावू नये, ताफा ग्रहावर परत आलेला असू द्यावा.